गळ्यातले दोन मणी

खान्देशात स्काउट-गाइडची पथके चालतात ती मुख्यतः शाळेतल्या शिक्षकांच्या हौसेवर. तास, पेपर तपासणी सांभाळून ते दोरीच्या गाठी आणि प्रथमोपचार शिकवतात. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, चाळीसगावची पाटणादेवी, रावेर तालुक्यातले पाल अशा जागा हाताशी आहेत. पण शिबिरात मुले झोपल्यावर जागे राहणारे माणूस लागते.

अशा माणसांची कदर करायलाच हवी.

‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिच्या सन्मानांत ‘मेडल ऑफ मेरिट’, ‘सिल्व्हर स्टार’ आणि सर्वोच्च ‘सिल्व्हर एलिफंट’ आहेत.

‘हिमालय वुड बॅज’ मात्र प्रशिक्षण पुरे करून कमवावा लागतो. कातडी दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी, एवढीच ती खूण. प्रथा १९१९ मधली, लंडनजवळच्या गिलवेल पार्कची. भारतातले राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला, म्हणजे खान्देशाच्या उत्तरेला उभ्या असलेल्या सातपुड्यातच आहे.

२२ फेब्रुवारी हा स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचा जन्मदिन. त्या दिवशी शाळेने आपल्या स्काउट मास्तरांचा आणि गाइड कॅप्टनचा पालकांसमोर सत्कार करावा. त्यासाठी वरून आदेश यायची गरज नाही.