मोर्चा न नेलेल्या माणसाचे गाणे

कवी-गायक संदीप खरे आणि संगीतकार सलील कुलकर्णी यांची 'आयुष्यावर बोलू काही' ही मैफल २००३ मध्ये सुरू झाली आणि त्याच नावाचा अल्बम मराठी घरांत पोहोचला. सीडीचा काळ सरला, पहिल्या श्रोत्यांची मुले मोठी झाली, तरी ही गाणी ऐकली जातात. त्याचे श्रेय सहसा सोप्या शब्दांना आणि गोड चालींना दिले जाते. पण सोपे आणि गोड पुष्कळ असते, आणि विसरलेही जाते. ही गाणी टिकली ती त्यांतल्या 'मी'मुळे, असे माझे म्हणणे आहे. तो स्वतःची झाडाझडती घेतो आणि स्वतःला सूट देत नाही.

'मी मोर्चा नेला नाही' या गाण्यातला पापभीरू माणूस आयुष्यात काय काय केले नाही याचा पाढा वाचतो. नंतरच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी'त उशिरा घरी येणारा बाप लेकीपुढे आपली कसूर मान्य करतो. दोघांनाही परिस्थितीवर खापर फोडता आले असते. ते फोडत नाहीत. भावगीतात कवी बहुधा पडद्याआड राहिला आणि त्याचा 'मी' गायकाच्या गळ्यातून आला. इथे लिहिणारा स्वतः रसिकांसमोर बसून गातो. कबुली देणारा समोर दिसतो, म्हणून तिला वजन येते.

हे शहरी मध्यमवर्गाचे हळवेपण आहे, चंद्रपूर-गडचिरोलीला त्याचे काय, हा आक्षेप रास्त आहे. स्वतः रचून स्वतः गाणारा कवी या मुलखाने फार आधी पाहिला. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने गावे जागी केली आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटून उठले. त्याच चिमूरहून डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी बायाबापड्या नागपूरला विधिमंडळावर पायी गेल्या. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती २०२१ मध्ये उठली. अशा भूमीत मोर्चा न नेलेल्या माणसाचे गाणे कोणासाठी?

उत्तर ऊर्जानगरात मिळते. ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. वीज राज्यभर जाते. धूर आणि राख चंद्रपूरच्या वाट्याला येते. पाळ्यांत राबणाऱ्या नोकरदाराची चूल त्याच चिमणीवर पेटते आणि त्याची मुलेही तीच हवा घेतात. ज्याच्यावर घर चालते त्याच्याविरुद्ध तो कोणत्या तोंडाने घोषणा देणार? रात्रपाळी करणाऱ्या बापाला झोपलेले लेकरू पाहण्याचे दुःख कोणी पुण्याहून आणून द्यावे लागत नाही. या गाण्यांतला पेच त्याच्या रोजच्या जगण्यातला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कबुलीने मन हलके होते आणि माणूस पुन्हा स्वस्थ बसतो. तसे होऊ शकते. परंतु मोर्चाच्या गाण्यातला 'मी' शेवटीही नायक होत नाही. तो स्वतःला बुळबुळीत भाजीच्या पंक्तीला बसवतो आणि ऐकणाऱ्याला हसता हसता टोचते. त्याला माफी कोणी दिलेली नाही. तुकडोजींच्या भजनाने हाक दिली, ती निघालेल्यांसाठी होती. जे निघाले नाहीत त्यांना जाब विचारणारे गाणेही समाजाला लागते. असे न निघालेले लोक प्रत्येक पिढीत बहुसंख्य असतात. या गाण्यांना नवे श्रोते मिळत राहतात ते त्यामुळेच.