अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा

‘आता काही करता येण्यासारखे नाही,’ हे वाक्य नातेवाइकांना हताश करते. वस्तुतः रोग बरा होण्यापलीकडे गेला तरी रुग्णसेवा संपत नाही. तिचे उद्दिष्ट बदलते. वेदना व धाप यांचे शमन हाच मग उपचार ठरतो. योग्य मात्रेतील मॉर्फिन त्यासाठीच असते. ते मृत्यू ओढवून आणत नाही. परिचारिका रुग्णाची कूस बदलतात, कोरडे ओठ ओलसर ठेवतात. अखेरीस भूक मंदावणे स्वाभाविक असते. बळेच भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

कृत्रिम श्वसनयंत्र केवळ मृत्यू लांबवीत असेल, तर ते थांबविण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली सुलभ केला. त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांचा निर्णय व कुटुंबीयांची संमती लागते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमक्ष आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते.

यंत्र थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. कुटुंबीयांनी रुग्णाचा हात हाती घेऊन बोलत राहावे. शुद्ध हरपल्यासारखी वाटली तरी त्यास ऐकू येत असण्याचा संभव असतो.