योना
बायबलच्या ‘जुना करार’ या विभागातील एक लहान ग्रंथ व त्याचा नायक असलेला संदेष्टा. बारा लघुसंदेष्ट्यांच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यात ४ अध्याय व ४८ वचने आहेत. अमित्तयाचा पुत्र योना हा इझ्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या काळी (इ. स. पू. आठवे शतक) होऊन गेल्याचा उल्लेख ‘२ राजे’ या ग्रंथात आढळतो, तथापि प्रस्तुत ग्रंथ बॅबिलोनमधील निर्वासनानंतर रचला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ॲसिरियाच्या निनवे नगरीस तिच्या दुष्टतेबद्दल इशारा देण्याची आज्ञा होताच योना याफो बंदरातून विरुद्ध दिशेला, तार्शीशकडे, पळतो. वादळ, समुद्रात फेकले जाणे व माशाच्या पोटातील तीन दिवस हा कथाभाग सर्वपरिचित आहे. (मूळ हिब्रूत ‘मोठा मासा’ एवढेच म्हटले आहे, देवमासा ही नंतरची समजूत होय.) पुढे तो निनवेत चाळीस दिवसांनी येणाऱ्या नाशाची घोषणा करतो. ही घोषणा हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची असून तीतील क्रियापदाचे ‘उलथून पडणे’ व ‘पालटणे’ असे दोन्ही अर्थ संभवतात. राजापासून गुराढोरांपर्यंत सारे गोणताट नेसतात आणि देव अरिष्ट टाळतो.

ग्रंथाचे मर्म यानंतर आहे. योना संतापतो : देव दयाळू आहे हे ठाऊक होते, म्हणूनच आपण पळालो, असे तो सांगतो. हा संताप केवळ हट्टीपणाचा मानणे अन्यायाचे ठरेल. कारण ॲसिरियानेच इ. स. पू. ७२२ च्या सुमारास इझ्राएलचे राज्य बुडविले, हे ग्रंथाच्या पहिल्या वाचकांना ठाऊक होते. सावली देणारी वेल वाळल्यावर हळहळणाऱ्या योनाला देव विचारतो, की उजवेडावे न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे व पुष्कळ गुरे असलेल्या नगरीची कीव मी का करू नये? ग्रंथ या प्रश्नावरच संपतो. योनाचे उत्तर दिलेले नाही.

ख्रिस्ती विचारात न्यायाची घोषणा ही पश्चात्तापाची संधीही असते, या मतास येथे आधार मिळतो. मात्र दया म्हणजे न्यायाचा लोप नव्हे : नहूमाच्या ग्रंथात याच निनवेच्या नाशाचे वर्णन असून इ. स. पू. ६१२ मध्ये ती नगरी खरोखरच पडली. मत्तयाच्या शुभवर्तमानात माशाच्या पोटातील तीन दिवस येशूच्या पुनरुत्थानाचे चिन्ह ठरतात. रोमच्या भुयारी दफनभूमींतील चित्रांत म्हणूनच योना वारंवार दिसतो. जेरोमने लॅटिन भाषांतरात भोपळ्याच्या वेलीऐवजी ‘आयव्ही’ हा शब्द योजला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील एका चर्चमध्ये गोंधळ माजल्याचे ऑगस्टीनने त्यास पत्राने कळविले होते.

ज्यू लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या उपासनेत हा ग्रंथ वाचतात. कुराणातही यूनुसची कथा आहे. मोसुल येथील त्याच्या नावाची मशीद २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने उद्ध्वस्त केली. सिरियन परंपरेतील चर्चे, केरळातील धरून, निनवेकरांच्या स्मरणार्थ तीन दिवसांचा उपवास पाळतात.