आयसीयूतले जंतू अँटिबायोटिकला का जुमानत नाहीत?

कर्जत-खोपोलीतल्या गंभीर रुग्णाला अनेकदा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईला हलवावं लागतं. तिथे आयसीयूत व्हेंटिलेटर, सलाइन, लघवीची नळी जीव वाचवतात. पण याच नळ्यांवाटे क्लेबसिएलासारखे जीवाणू शरीरात शिरू शकतात.

हे जीवाणू इतके चिवट का? अँटिबायोटिकने साधे जीवाणू मरतात. औषधाला दाद न देणारे उरतात आणि वाढतात. काही जीवाणू ‘एनडीएम-१’ नावाचं एन्झाइम बनवतात. ते कार्बापेनेम या राखीव औषधालाच निकामी करतं. शिवाय त्याचं जनुक एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ पैकी २२ नमुन्यांत ते सापडलं होतं. अशा वेळी किडनीला इजा करू शकणारं कोलिस्टिन वापरायची वेळ येते.

नातेवाईक काय करू शकतात? रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. ‘नळी अजून गरजेची आहे का?’, ‘कल्चर रिपोर्ट काय सांगतो?’ हे डॉक्टरांना विचारा. आणि सर्दी-पडशासाठी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. साध्या सर्दीवर त्याचा उपयोग नसतो. चिवट जीवाणूंना मात्र रान मोकळं मिळतं.