पेशव्यांचं पुणं: ऐकीव आणि खरं

पेशवाईतलं पुणं म्हटलं की पगड्या, उपरणी आणि पंगती डोळ्यांपुढे येतात. जणू ब्राह्मणांखेरीज गावात कोणी राहतच नव्हतं. पण नुसत्या दक्षिणेवर शहर वाढत नाही. 1730 मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू झालं आणि पुढे पेठांमागून पेठा वसल्या, त्या बऱ्याचशा व्यापारासाठी. पेठ वसवायची तर कुणाला तरी शेटेपण, म्हणजे बाजाराचं प्रमुखपद, द्यायचं आणि नव्या दुकानदारांना काही वर्षं करमाफी. कसब्यात तांबट, कुंभार, कागदीपुऱ्यात कागद करणारे मुसलमान कारागीर. सोमवारात सावकारी करणारे गोसावी. फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांच्या चर्चलाही 1792 मध्ये पेशव्यांनीच जागा दिली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच.

पेठांना वारांची नावं पहिल्यापासून होती, हेही खरं नाही. बुधवार मोहियाबाद होती, रविवार मलकापूर, गुरुवार वेताळ पेठ.

कोतवाल म्हणजे निव्वळ छळवादी, ही समजूत ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाने पक्की केली. घाशीरामाची कड घ्यायचं कारण नाही: कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि 1791 मध्ये जमावाने त्याला दगडांनी ठेचलं. पण कोतवालीचं रोजचं काम रुक्षच. घरांच्या खरेदीविक्रीवर देखरेख, बाजारभावांवर नजर, गावात कोण आलं-गेलं याची नोंद. पोलीस चौकी आणि महापालिका एकाच चावडीत म्हणा ना!

सगळ्यात चिवट गैरसमज पाण्याचा. शहराला नळाचं पाणी इंग्रजांनी दिलं, असं आजही ऐकू येतं. इंग्रजी अंमल आला 1818 मध्ये. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी त्याआधी कित्येक दशकं शहरात आणलं होतं. तलावातून निघालेला दगडी बांधणीचा नळ जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत यायचा. वाटेत उच्छ्वास ठेवलेले, म्हणजे हवा खेळावी आणि गाळ काढायला माणसाला आत उतरता यावं. पेठापेठांत हौद होते. काळा हौद, फडके हौद ही नावं अजून तोंडात आहेत.

मात्र हौद सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, हा अर्थ त्या काळाला लावू नये. पाणी कुणी भरायचं हे जात ठरवायची. पेशवाई बुडून अर्धशतक झाल्यावरही तेच चालू होतं, म्हणून तर 1868 मध्ये जोतीराव फुल्यांना गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला.