झेलणाऱ्याची पारख

अमेरिकेतला फुटबॉल आपल्या फुटबॉलहून वेगळा. चेंडू लंबगोल, आणि खेळ बराचसा हातांचा. लांबवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा कडेचा खेळाडू म्हणजे ‘वाइड रिसीव्हर’. सप्टेंबरात हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक संघ सुमारे ९० खेळाडूंतून ५३ जणांची यादी पक्की करतो. बाकीच्यांची नावे गळतात. मग पारख करायची कशी?

पहिली कसोटी घड्याळाची. ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत? २०१७ साली जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला. सिनसिनाटीच्या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. पण दुखापतींनी घेरले आणि अपेक्षा अपुऱ्याच राहिल्या.

उलट १९८५ साली निवडला गेलेला जेरी राइस वेगात बेताचाच मानला जाई. मिसिसिपीतल्या गवंड्याचा हा मुलगा वडिलांच्या कामावर विटा झेलत वाढला. त्याचा १,५४९ झेलांचा विक्रम आजही अबाधित आहे.

कारण चेंडू बहुधा झेलणारा वळण्याआधीच सुटलेला असतो. ठरल्या पावलावर वळणे, अंगावर प्रतिस्पर्धी असताना हात न डगमगणे, हे घड्याळाला दिसत नाही. ते रोजच्या सरावात, जवळ उभे राहूनच पाहावे लागते.