पेलाभर रक्ताचा पेशंट

तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिलिलिटर. स्टीलचा एक पेला भरेल एवढं. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये ५० मिलिलिटर रक्त गेलं तर कुणी मान वर करून बघतही नाही. या बाळाचं तेवढं गेलं तर पाचवा हिस्सा गेला! म्हणून लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, रक्त टिपलेले बोळेसुद्धा वजन करून मोजतात, औषधं एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरतात आणि सलाइनच्या नळीत हवेचा एखादा बुडबुडा दिसला तरी टिचक्या मारून मारून तो बाहेर काढतात.

बुडबुड्याचा एवढा धसका का? आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट उघडी असते. जन्मानंतर ती मिटते, पण लगेच पक्की बुजत नाही. तेवढ्या फटीतून बुडबुडा डाव्या बाजूला निसटला तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

तान्ह्या बाळाला भूल देणं हे असं उलट्या गणितांचं काम आहे. त्यातली काही गणितं तर ऐकूनच चक्रावायला होतं.

नातवाला जास्त, आजोबांना कमी

सत्तरीचे आजोबा आणि चार महिन्यांचा नातू. दोघांना एकाच गॅसने झोपवायचंय. जास्त तीव्र गॅस कुणाला लागेल? आजोबा म्हणालात तर चुकलात. मुलांसाठी हल्ली सर्रास वापरला जाणारा सेवोफ्लुरेन घ्या. चिमुकल्याला त्याचं प्रमाण लागतं साधारण ३.२ टक्के, चाळिशीच्या माणसाला २ टक्क्यांच्या आसपास आणि आजोबांना त्याहूनही कमी. श्वासातून द्यायच्या बहुतेक भुलीची गरज आयुष्यात सर्वांत जास्त असते ती पहिल्या काही महिन्यांत. पंचाईत अशी की त्याच गॅसने बाळाचा रक्तदाबही पटकन घसरतो. तेव्हा भूलतज्ज्ञाचं एक बोट गॅसच्या चकतीवर आणि एक डोळा मॉनिटरवर.

मुलं लवकर झोपतात आणि लवकर उठतातही, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण दोन्ही वेगवान असतं. ही गोष्ट लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५० च्या दशकातच हेरली होती. हो, तेच स्नो, ज्यांनी १८५४ साली कॉलऱ्याचा माग काढत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला. व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारेही तेच. एका आयुष्यात माणसाने किती उद्योग करावेत!

रडलं की गुलाबी, गप्प झालं की निळं

नवजात बाळ श्वास घेतं ते मुख्यतः नाकाने. त्यामुळेच दूध पिता पिता श्वास चालू ठेवणं त्याला जमतं. काही बाळांच्या नाकाची मागची वाट मात्र जन्मतःच बंद असते. अशा बाळाची खूण मोठी विचित्र: गप्प असलं की निळं पडतं, भोकाड पसरलं की गुलाबी होतं. रडताना तोंड उघडतं ना! एरवी रडणारं पोर गप्प करायला सगळं घर धावतं. इथे ते रडतंय तोवर डॉक्टर निवांत.

मोठ्या माणसाला भूल देताना डोक्याखाली उशी देतात. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने इतकं मोठं असतं की उशीशिवायच मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट अडते. म्हणून कपड्याची गुंडाळी खांद्याखाली सारतात. श्वासनलिकेची रुंदी म्हणाल तर चारेक मिलिमीटर. आतून सगळीकडून फक्त एक मिलिमीटर सूज आली तर ती दोन मिलिमीटरवर येते आणि हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो. तेवढीच सूज मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरच्या नळीला आली तर अडथळा वाढतो सुमारे तिप्पट. घसा बसला, एवढंच तो म्हणेल.

सर्दीवरून ऑपरेशन पुढे ढकलतात ते याच कारणाने. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पोरांची नाकं जी वाहू लागतात ती दिवाळीपर्यंत. पालकांना वाटतं, हर्नियाचा आणि शेंबडाचा काय संबंध? संबंध असा की सर्दी बरी झाल्यावरही दोन-चार आठवडे श्वासनलिका चिडलेली असते आणि भूल देताना किंवा उतरताना स्वरयंत्र एकदम घट्ट मिटू शकतं.

आणि हो, नवजात बाळ थंडीने कुडकुडत नाही. त्याच्या पाठीत खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती, मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची खास चरबी असते. ती जाळून ते ऊब मिळवतं. भुलीत ही शेगडीही मंदावते. म्हणून बाळ टेबलावर यायच्या आधीच ओटीचा एसी बंद होतो. आत बाळ उबेत, बाहेर गाउन-टोपी-मास्कमधले सर्जन घामाघूम. तक्रार करायची सोय नाही.

न्यूकॅसलचा तो डॉक्टर

क्लोरोफॉर्मच्या भुलीमुळे झालेला पहिला नोंदलेला मृत्यू एका मुलीचा होता. हॅना ग्रीनर, वय १५. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावात २८ जानेवारी १८४८ रोजी तिच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. एवढंसं काम. रुमालावर क्लोरोफॉर्म दिला आणि काही मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्म वापरात येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

त्याच न्यूकॅसलमध्ये पुढच्या शतकात फिलिप एअर नावाचे भूलतज्ज्ञ होऊन गेले. दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या बाळांना ते भूल देत. आपल्याकडे अशा बाळाची आई बिचारी "ग्रहणात विळी धरलीस का" असले टोमणे ऐकते. ग्रहणाचा काही एक संबंध नाही. या ऑपरेशनमध्ये खरी गोची अशी की सर्जनला तोंड हवं आणि भूलतज्ज्ञालाही तोंडच हवं. त्यातून त्या काळची भुलीची यंत्रं मोठ्यांसाठी बनवलेली, झडपांची. प्रत्येक श्वासाला ती झडप ढकलता ढकलता बाळ दमून जाई.

एअर यांनी १९३७ साली यावर काढलेला तोडगा पाहून हसू येईल. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक साधी नळी! एका तोंडातून गॅस आत, दुसरं बाळाच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबला जोडलेलं, तिसरं सरळ उघडं. झडप नाही, ढकलाढकल नाही. १९५० मध्ये लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी उघड्या तोंडाला शेपटीकडून मोकळी असलेली एक रबरी पिशवी लावली. ती बोटांनी हलके दाबून बाळाला श्वास देता येतो आणि फुप्फुस किती मऊ, किती ताठर हे हाताला कळतं. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओटीत "जॅक्सन रीस द्या" म्हटलं की सिस्टर तीच वस्तू पुढे करतात.

एक गोष्ट राहिली. फिलिप एअर स्वतः दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊनच जन्माला आले होते.

दुखतच नाही म्हणे!

आता जरा संतापजनक. विसाव्या शतकात कितीतरी दशकं शहाण्यासुरत्या डॉक्टरांचा समज होता की नवजात बाळाला वेदना कळत नाहीत. मज्जासंस्था कच्ची असते, आठवण राहत नाही, औषध झेपणार नाही, अशी कारणं त्यासाठी तयार. मग व्हायचं काय? बाळ हलू नये म्हणून स्नायू लुळे करणारं औषध द्यायचं, जमलं तर थोडा नायट्रस ऑक्साइड, आणि ऑपरेशन सुरू. लुळं पडलेलं बाळ रडणार कसं? रडत नाही म्हणजे दुखत नाही, असा हा निष्कर्ष. ज्या बायकांनी सुई टोचल्यावर किंचाळणारं बाळ एकदा तरी मांडीवर घेतलंय, त्यांना कुणी विचारलं असतं तर हा प्रश्न एका मिनिटात निकालात निघाला असता.

तो निकालात काढला इंदूरच्या एम.जी.एम. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या एका डॉक्टरने. कंवलजीत आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांना दिसायचं की अतिदक्षता कक्षातून ऑपरेशनला नेलेली अपुऱ्या दिवसांची बाळं परत येतात ती पार ढासळलेली. त्यांनी बाळांचे दोन गट केले. एकाला तेव्हाची रीतसर, जुजबी भूल. दुसऱ्याला त्याबरोबर फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक. मग रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांत ती कितीतरी कमी वाढली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. त्याच सुमारास अमेरिकेत एका आईला कळलं होतं की तिच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची छाती उघडली तेव्हा त्याला फक्त लुळं करणारं औषध दिलं होतं. तिने वर्तमानपत्रांपर्यंत आवाज उठवला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलं की नवजात बाळांनाही नीट भूल आणि वेदनाशामक द्यायलाच हवं.

१९८७! माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

छोट्या टोचणीसाठी मात्र उपाय स्वस्तातला आहे. सुई टोचण्याआधी दोनेक मिनिटं जिभेवर साखरेच्या पाण्याचे काही थेंब दिले की बाळ कमी रडतं, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. अंगावर पाजता पाजता टोचलं तरी तोच गुण. हे वाचून सोन्याच्या अंगठीने मध चाटवणाऱ्या आज्या खुलतील, पण थांबा: मध वर्षाच्या आत नको. त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात.

काळी तीट, बिस्किट आणि हलणारा दात

ओटीच्या दारात मुलांच्या अंगावरून काय काय निघतं! मनगट्या, वाळे, करगोटा, ताईत. धातू काढून ठेवायला सांगतात, कारण रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात आणि धातूपाशी चटका बसू शकतो. काळी तीट असू दे बापडी. नेलपॉलिश मात्र पुसा. बोटाला लावायचा तो लाल दिव्याचा चिमटा, जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातल्या कल्पनेवर चालणारा, नखातून आरपार जाणाऱ्या उजेडावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखतो. गडद पॉलिश मध्ये आलं की त्याची गफलत होऊ शकते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला भूलतज्ज्ञ हटकून "आ कर" म्हणतात. हलणारा दात शोधतात. फारच लुकलुकत असेल तर भूल दिल्यावर तो आधी काढून घेतात आणि डबीत घालून आईच्या हातात देतात. घशात पडून श्वासनलिकेत गेला तर हर्निया राहील बाजूला.

उपाशीपोटी आणा म्हटलं की घराघरात संघर्ष पेटतो. सर्वसाधारण हिशेब: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. युरोपात पाण्याची वेळ आता एका तासावर आणलीय. आणि पहाटे सगळे झोपेत असताना "लेकरू भुकेलंय" म्हणून एक बिस्किट हळूच देणारी आजी? भूलतज्ज्ञ प्रश्न तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांना विचारतात ते तिच्यासाठीच. एका बिस्किटावर ऑपरेशन रद्द होतं, कारण भुलीत उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

सगळं जमलं की मग गंमत सुरू. मास्कला आतून स्ट्रॉबेरीचा वास लावतात, फुगा फुगवायची शर्यत लावतात. तो फुगा म्हणजे भुलीच्या यंत्राची पिशवी, हे शर्यत जिंकणाऱ्याला कधीच कळत नाही.

जाता जाता काही चकित करणाऱ्या गोष्टी

तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू ओढला की हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. भूलतज्ज्ञ "सोडा!" म्हणतो, सर्जन सोडतो, ठोके परत पूर्ववत.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डॉक्टर चक्क कॅफीन देतात! ती बाळं झोपेत श्वास घ्यायला विसरतात. कॅफीन आठवण करून देतं.

भूल उतरताना दोन ते पाच वर्षांची काही मुलं आईलाही ओळखत नाहीत, हातपाय झाडून आकांत करतात. घाबरू नका. बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं आणि मुलाला त्यातलं काही आठवत नाही.

तान्ह्याला हर्नियासाठी पूर्ण झोपवायचं नसेल तर पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भागच बधिर करता येतो. अशी भूल मोठ्यांचा रक्तदाब उतरवते; बाळाचा सहसा जागचा हलत नाही. बाळ बहुधा तसंच झोपून जातं. भुलीने बुद्धी कमी होते का, या भीतीचं उत्तरही याच हर्नियावाल्या ७२२ बाळांनी दिलं. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत काहींना पाठीतलं इंजेक्शन आणि काहींना पूर्ण भूल देऊन ती पाच वर्षांची झाल्यावर तपासली. तासाभराच्या आतल्या एका भुलीने बुद्ध्यांकात फरक पडला नव्हता. लांबलचक आणि पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे.

शेवटची गोष्ट व्हर्जिनिया अपगार यांची. जन्मल्याबरोबर बाळाला रंग, ठोके, प्रतिसाद, हालचाल आणि श्वास यांवर दहापैकी गुण देतात ना, तो अपगार स्कोअर त्यांचा, १९५२ चा. बाई भूलतज्ज्ञ होत्या आणि व्हायोलिन-व्हायोला नुसतं वाजवत नसत, स्वतः बनवतही. त्यांना आणि त्यांच्या वाद्य बनवणाऱ्या मैत्रिणीला न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याच रुग्णालयातल्या टेलिफोन बूथमधली एक फळी फार आवडली. अस्सल मेपलची. मागून मिळेना, तेव्हा दोघींनी रात्री ती काढायचा आणि तिच्या जागी रंगवलेली दुसरी बसवायचा बेत केला. नवी फळी पाव इंच लांब निघाली. मैत्रीण बायकांच्या प्रसाधनगृहात करवत चालवत बसली आणि प्राध्यापक अपगार बाहेर पहारा देत उभ्या. आतून करवतीचा आवाज ऐकून एक नर्स थबकली. दुरुस्तीवाल्यांना दिवसा तिथे जाता येत नाही ना, असं अपगारबाईंनी तिला शांतपणे सांगितलं. त्या फळीची पाठ असलेला व्हायोला पुढे उत्तम वाजला.